जॉबर, बदली कार्ड आणि मोबाईलमधला मुकादम

"यंत्राला भाचा-पुतण्या नसतो." हे वाक्य गेल्या वर्षभरात मी निदान तीन-चार जणांकडून ऐकलं. विषय तोच. जेवण पोचवणारी पोरं, टॅक्सीवाले, गोदामात सामान भरणारे, या सगळ्यांना हल्ली साहेब नसतो, अ‍ॅप असतं. कुठलं काम कुणाला, त्याचे पैसे किती, कुणाचे गुण वाढले, कुणाचं खातं बंद झालं, हे सगळं अल्गोरिदम ठरवतो. आणि तरी ही मंडळी "आमच्यावर अन्याय होतो" म्हणून रस्त्यावर येतात. मग ऐकणारा चकित होतो. अरे, माणूस असता तर वशिला चालला असता, चिरीमिरी चालली असती. यंत्र तर सगळ्यांना सारखंच. मग तक्रार कसली?

प्रश्न वरवर बिनतोड आहे. पण मला तो ऐकला की आपल्या गिरणगावाची आठवण होते. कारण हाच प्रश्न मुंबईत नव्वद-शंभर वर्षांपूर्वी एकदा विचारून झालाय. तेव्हा कंप्युटर नव्हता एवढंच. माणसाच्या मर्जीवर चालणारं काम नियमावर आणायचं, आणि मग तो नियम कामगाराला न्याय्य वाटतो की नाही हे बघायचं, हा प्रयोग आपल्याकडे लालबाग-परळमध्ये होऊन गेला. तर मंडळी, आजची पोस्ट त्याबद्दल. थोडी लांबली आहे, चहा घेऊन बसा.

आधी भाचा-पुतण्यांचा काळ. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांची रांग लागली. हजारो माणसं कोकणातून, घाटावरून येत होती. या माणसांना कामावर घेणार कोण? गोऱ्या किंवा पारशी मॅनेजरला ना त्यांची भाषा नीट येत होती, ना त्यांची गावं माहीत होती. ते काम जॉबरकडे गेलं. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. बायकांच्या खात्यात तीच जागा नायकिणीची. माणसं आणायची त्याने, लावायची त्याने, रजा द्यायची त्याने, काढायची त्याने. सकाळी गिरणीच्या दाराशी उभ्या असलेल्या घोळक्यातून "तू ये, तू ये, तू उद्या" असं बोट दाखवायचं तेही त्यानेच. या बोटाची किंमत असे. तिला दस्तुरी म्हणत. नोकरी लागताना द्यायची, आणि टिकवायची असेल तर पुढेही अधूनमधून द्यायची.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने (म्हणजे हिंदुस्थानातल्या कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने) १९३१ च्या अहवालात या जॉबरवर बरंच लिहिलं आणि भरतीचा अधिकार त्याच्या हातून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा अशी शिफारस केली. म्हणजे जॉबर हा अन्यायाचा पुतळा होता याबद्दल सरकार, मालक आणि कामगार पुढारी या तिघांचं एकमत होतं. असं एकमत विरळाच!

पण एक गोष्ट या एकमतात सुटून जाते. जॉबरची सत्ता अमर्याद नव्हती. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरण्यांवर जे संशोधन केलं, त्यात हा मुद्दा फार चांगला मांडलाय. जॉबरला रोज सकाळी खातं भरून दाखवावं लागे. माणसं आलीच नाहीत तर त्याचीच नोकरी धोक्यात. शिवाय तो बहुतेकदा त्याच वस्तीत राहणारा, कधी त्याच गावचा. तो उधार देई, खोली मिळवून देई, भांडणं मिटवी. त्याने अतीच केलं तर त्याला नाक्यावर गाठता येई. लोक त्याच्या पाया पडत, त्याला शिव्या देत, त्याच्याविरुद्ध काम बंद करत. अन्याय करणाऱ्याला नाव होतं, तोंड होतं आणि पत्ता होता.

आता दुसरा धागा. काम कुणाला द्यायचं हा एक प्रश्न झाला. काम किती आणि त्याचा दर काय, हा दुसरा. इथे मात्र क्षणभर मुंबई सोडून अमेरिकेत जावं लागेल. कारण कामाचं माप 'शास्त्रशुद्ध' असतं, त्यात मर्जीचा संबंध नाही, ही कल्पना तिथे फ्रेडरिक टेलरने जोरात मांडली. स्टॉपवॉच घेऊन कामाचा प्रत्येक तुकडा मोजायचा, त्यावरून प्रमाणवेळ ठरवायची, आणि तिच्यावर बक्षीस. टेलरचा दावा असा की एकदा विज्ञानाने माप ठरवलं की मालक-मजुरात भांडायला काही उरतच नाही. (ओळखीचं वाटतं ना?)

ऑगस्ट १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ड्वाइट मेरिक नावाचा तज्ज्ञ घड्याळ घेऊन ओतशाळेत शिरला. मेरिकचा अनुभव यंत्रशाळेतला, ओतकामाचा नव्हे. ओतारी त्या संध्याकाळी जमले आणि त्यांनी वरिष्ठांना अर्ज लिहिला की हा प्रकार आमचा अपमान करणारा आहे. दुसऱ्या दिवशी जोसेफ कूनी या ओताऱ्याने घड्याळासमोर काम करायला नकार दिला, त्याला काढलं, आणि सगळे ओतारी बाहेर पडले. संप आठवडाभरच चालला. पण प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेलं. चौकशी समितीचा अध्यक्ष विल्यम विल्सन, जो स्वतः एकेकाळी कोळशाच्या खाणीत राबलेला. १९१२ च्या जानेवारीत खुद्द टेलरची साक्ष झाली. १९१५ मध्ये काँग्रेसने लष्करी खर्चाच्या मंजुरीतच अट घातली की हे पैसे घड्याळ लावून वेळ मोजण्यासाठी वापरायचे नाहीत. ती अट १९४९ पर्यंत चालू राहिली.

यात लक्षात घेण्यासारखं काय? ओताऱ्यांनी पैसे कमी मिळतात म्हणून काम सोडलं नव्हतं. बक्षीस मिळून पैसे उलट वाढले असते. त्यांचं म्हणणं असं होतं की ज्याला आमचं काम कळत नाही तो आमचं काम मोजतोय, आणि आम्हाला कुणी विचारलेलं नाही.

आता परत मुंबईत या. १९२० नंतरच्या मंदीत गिरणी मालकांनीही 'कार्यक्षमते'चा धोशा लावला. विणकराने दोनाऐवजी तीन माग (गिरणीच्या भाषेत साचे) सांभाळायचे, सूतखात्यात एका बाजूच्या जागी दोन बाजू. १९२८ च्या एप्रिलमध्ये संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. गिरणी कामगार युनियन याच संपात जन्माला आली. संपाच्या समितीत एका बाजूला ना. म. जोशी, दुसऱ्या बाजूला डांगे-मिरजकर-निंबकर, आणि गिरणीतूनच वर आलेले अर्जुन आळवे. त्यांनी सतरा मागण्या ठेवल्या.

आपल्याला शाळेत शिकवलं जातं की कामगार नव्या पद्धतीविरुद्ध लढले. ते अर्धंच खरं. कामगारांना नियम नकोत असं नव्हतंच. उलट त्यांची जुनी तक्रार हीच होती की नियम नाहीत! एकाच कापडाला या गिरणीत एक दर, पलीकडच्या गिरणीत दुसरा. कापडात दोष निघाला तर तो तागा विणकराच्या गळ्यात मारायचा आणि किंमत पगारातून कापायची; दोष सुताचा होता की हाताचा, हे कोण बघतो? एक दिवस न सांगता राहिलात तर दोन दिवसांचा पगार कापला, त्याला 'डबल खाडा' म्हणत. या सगळ्यावर उपाय म्हणून सर्व गिरण्यांना एकच दरपत्रक हवं, हे कामगारांनाही हवं होतं. मालकांनी संपाच्या काळात प्रमाणीकरणाची योजना आणली, पण तिच्यात विणकरांच्या दरात साडेसात टक्के कपात दडलेली होती. म्हणजे सूत्र सर्वांना सारखं, पण ते लिहिणारा हात एकाच बाजूचा. शेवटी न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती बसली, तिने १९२९ मध्ये अहवाल दिला, आणि तरीही सर्व गिरण्यांना लागू होणारं प्रमाणित वेतन यायला १९४७ सालचा औद्योगिक न्यायालयाचा निवाडा उजाडावा लागला.

मधल्या काळात मात्र दोन गोष्टी घडल्या, आणि माझ्या मते आजच्या अ‍ॅपच्या प्रश्नाचं उत्तर त्यांत आहे.

पहिली, १९३५ ची बदली नियंत्रण पद्धत. गिरणी मालक संघानेच ती आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक बदली कामगारांना कार्डं द्यायची. त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचं, आणि गैरहजर कामगारांच्या जागा या कार्डवाल्यांमधूनच भरायच्या. कायम जागा निघाली तर ज्येष्ठतेने. थोडक्यात जॉबरच्या बोटाऐवजी यादी आली. आजच्या भाषेत सांगायचं तर हा कागदावर चालणारा अल्गोरिदमच. आत काय आहे ते माहीत, पायऱ्या ठरलेल्या, निकाल ठरलेला.

आमचे आजोबा १९३८ च्या सुमारास मुंबईत आले आणि तीन-साडेतीन वर्षं बदलीत होते. (आत्या, तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, चुकलं तर सांग.) जॉबरविषयी ते कधी चांगलं बोलले नाहीत. पण कार्डाविषयी बोलताना त्यांचा सूर वेगळा असे. कार्ड आलं म्हणजे रोज काम मिळे असं मुळीच नव्हे. कित्येक दिवस दारात उभं राहून परत यावं लागे. तरी ते म्हणायचे, "नंबर कितवा ते कळायचं. आपल्या आधी चार असतील तर चार. पाचवा लागला की विचारायचं, का रे बाबा?" जॉबरचं वजन अर्थात एका दिवसात संपलं नाही, कार्ड कुणाला मिळावं यात त्याचा शब्द चालतच राहिला. पण "का रे बाबा?" हा प्रश्न आता यादी हातात धरून विचारता येत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे १९३६ चा वेतन प्रदान कायदा. हा कायदा कुणी फारसा वाचत नाही, पण त्यातलं दंडाचं कलम मुद्दाम वाचावं असं आहे. दंड कशाकशासाठी होऊ शकतो याची यादी आधी मंजूर करून कारखान्यात लावायची. यादीत नसलेल्या गोष्टीसाठी दंड नाही. कामगाराला आपली बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय दंड नाही. दंड रुपयाला अर्ध्या आण्याच्या वर नाही. प्रत्येक दंडाची वहीत नोंद. आणि दंडाचा पैसा मालकाच्या खिशात जाणार नाही, तो कामगारांच्या हिताच्याच कामाला लागेल! दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, स्थायी आदेशांचा कायदा आला. त्याने सांगितलं की कामाच्या अटी इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लिहून दारापाशी लावा. हे दोन्ही कायदे आता नव्या कामगार संहितांमध्ये सामावले आहेत, पण त्यांच्यामागचा विचार साधा होता. नियम आधी कळला पाहिजे, आपली बाजू ऐकली गेली पाहिजे, नोंद राहिली पाहिजे, आणि शिक्षा करणाऱ्याचा शिक्षेत फायदा नको.

गंमत म्हणजे पुढे मानसशास्त्रज्ञांनी न्यायाच्या भावनेवर जे संशोधन केलं, ते फिरून इथेच येतं. थिबॉ आणि वॉकर यांनी १९७५ मध्ये दाखवलं की माणूस फक्त निकाल बघत नाही, निकालाची पद्धत बघतो, आणि आपल्याला बोलू दिलं का हे बघतो. लेव्हेंथल यांनी १९८० मध्ये न्याय्य पद्धतीचे सहा निकष सांगितले. सातत्य, पक्षपात नसणं, अचूक माहिती, चूक दुरुस्त करायची सोय, संबंधितांचा सहभाग आणि नीतिमत्ता. आता या सहांपैकी "यंत्राला भाचा-पुतण्या नसतो" हे वाक्य किती पुरं करतं? फार तर दोन, सातत्य आणि निःपक्षपात. बाकीचे चार तसेच राहतात. मिन क्युंग ली या संशोधिकेने २०१८ साली लोकांना यंत्राचे आणि माणसाचे तेच निर्णय दाखवून विचारलं, तेव्हा पाळ्या लावणं, काम वाटणं अशा हिशेबी कामांत लोकांना दोघेही सारखेच न्यायी वाटले. पण कुणाला कामावर घ्यावं, कुणाचं काम कसं आहे, अशा माणूस पारखायच्या कामांत यंत्राचा निर्णय कमी न्याय्य वाटला. लोकांचा यंत्रावर सरसकट राग नाही, हे यातून दिसतं. वेळापत्रक लावायला ते चालतं, पण आपली पारख त्याने केलेली पटत नाही.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या घरातलंच आहे. मावसभावाचा मुलगा पुण्यात दुचाकीवरून ऑर्डरी पोचवतो. कंपनीचं नाव घेत नाही, ते महत्त्वाचंही नाही. गेल्या पावसाळ्यात त्याचं खातं चार दिवस बंद झालं. कारण? कळलं नाही. मदतीच्या चॅटवर तीच तीन वाक्यं फिरून फिरून आली. पाचव्या दिवशी खातं आपोआप चालू झालं, त्याचंही कारण कळलं नाही. चार दिवसांची कमाई गेली ती गेलीच. मला म्हणाला, "काका, साहेब असता तर निदान भांडलो असतो." मला आजोबांचा "का रे बाबा?" आठवला. कार्डावर नंबर होता. याच्याकडे नंबरही नाही, आणि विचारायचं कुणाला तेही नाही. दस्तुरी द्यावी लागत नाही हे मात्र खरं.

हा काही आमच्या एकट्याच्या घरचा किस्सा नाही. इटलीत बोलोन्याच्या न्यायालयाने ३१ डिसेंबर २०२० रोजी डिलिव्हरू कंपनीच्या 'फ्रँक' या अल्गोरिदमविरुद्ध निकाल दिला. ठरवलेल्या पाळीला माणूस आला नाही की त्याचे गुण कमी होत आणि पुढच्या पाळ्या निवडताना तो मागे पडे. तो आजारी होता, संपावर होता की उगाच आला नाही, यात फ्रँक भेद करत नसे. न्यायालयाने म्हटलं, हा भेद न करणं हाच भेदभाव. वाचताना मला डबल खाडाच आठवला! सर्वांना सारखा नियम म्हणजे न्याय्य नियम, हे समीकरण तिथे कोसळलं.

दुसरा निकाल ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाचा, ४ एप्रिल २०२३ चा. उबर आणि आपल्याकडचीच ओला, या दोघांविरुद्ध चालकांनी दावा केला होता. ओला चालकांना फसवणुकीच्या शक्यतेचा एक गुणांक लावत असे, पण तो कसा येतो हे चालकाला सांगत नसे. उबरने काही चालकांची खाती बंद केली होती आणि म्हणणं असं होतं की निर्णय माणसांनीच घेतला. न्यायालयाला त्या माणसांचा सहभाग नावापुरताच दिसला. निर्णय कसा झाला ते चालकाला सांगा, असा आदेश झाला. १९३६ च्या कलमातलं "बाजू मांडायची संधी" हे तत्त्व नव्या वेषात परत आलं म्हणायचं.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये प्लॅटफॉर्म कामाविषयीचा निर्देश काढला, त्यात महत्त्वाच्या निर्णयांवर माणसाची देखरेख आणि फेरविचार मागायचा हक्क आहे. आपल्याकडे राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी पहिला कायदा केला, तो मुख्यतः नोंदणीचा आणि कल्याणनिधीचा. कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात त्याच्या पुढे जाऊन स्वयंचलित यंत्रणा कामगाराविषयी कशी ठरवते हे सांगण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली. ज्या मुंबईत हा सगळा प्रश्न पहिल्यांदा सोडवायला घेतला गेला, त्या मुंबईच्या राज्याकडून मला जास्त अपेक्षा आहे, हे उघड आहे.

तर पुन्हा त्या भाच्या-पुतण्यांकडे. मला जॉबर परत नकोय. आजोबांनाही नको होता. पण जॉबर घालवून गिरणगावाने जे मिळवलं ते नुसतं 'माणसाऐवजी नियम' असं नव्हतं. दारावर लावलेली यादी मिळवली, वही मिळवली, वाटाघाटीच्या टेबलाशी खुर्ची मिळवली, आणि प्रश्न विचारला तर कुणीतरी उत्तर देणं भाग आहे ही खात्री मिळवली. त्यासाठी सहा-सहा महिने पोटाला चिमटे काढले. अ‍ॅपने यातला जॉबर तेवढा काढून टाकला आणि त्याबरोबर यादी, वही, खुर्ची आणि उत्तर देणारा माणूसही काढून टाकला. मग आपण म्हणतो, बघा, आता वशिला नाही, तक्रार कसली?

पुढच्या वेळी कुणी दारात ऑर्डर घेऊन आला आणि त्याला दोन मिनिटं असली तर विचारून बघा, आज तुला ही ऑर्डर का मिळाली आणि हिचे पैसे किती, हे तुला आधी माहीत होतं का? काय उत्तर मिळतं ते इथे जरूर लिहा. आणि आत्या, बदली कार्डाचा रंग कुठला होता ते आठवतंय का? माझ्या डोक्यात पिवळा आहे, पण बाबा म्हणतात पांढरा.